चार्ज दिलाय ना, मग त्या पदाचा पगारही द्या

साहेब रिटायर होतात किंवा बदलून जातात, जागा भरली जात नाही आणि खालच्याच कुणाला तरी सांगितलं जातं, दोन-तीन महिने तू सांभाळ, मग बघू. ते दोन-तीन महिने बघता बघता दोन-तीन वर्षं होतात. सह्या त्याच्या, मीटिंगला तो, ऑडिटला उत्तरं तो देणार, काही चुकलं तर मेमोही त्यालाच, आणि सॅलरी स्लिपवर मात्र जुनंच पद आणि जुनाच पगार. वर म्हणायचं, तुला अनुभव मिळतोय ना. मला या वाक्याचा मनापासून राग येतो, जबाबदारी पूर्ण टाकताय तर पैसे अर्धवट का?

सरकारी नोकरीत तरी सुप्रीम कोर्टाने यावर स्पष्ट सांगितलंय. सेल्वराज केस बघा, १९९८ चा निकाल. अंदमानमधले एक प्राथमिक शिक्षक, त्यांच्याकडून १९९२ ते १९९५ स्काउट्सच्या सेक्रेटरीचं काम करून घेतलं. रेग्युलर प्रमोशन नव्हतं हे कोर्टाने मान्य केलं, पण वरच्या पदाचं काम प्रत्यक्ष केलंय तर तेवढ्या काळाचा पगारातला फरक द्या म्हणून सांगितलं. त्याच वर्षीची चंदीगडची हरी ओम शर्मा केस तर प्रत्येकाने वाचावी. तिथे कर्मचाऱ्याकडून आधीच लिहून घेतलं होतं की प्रमोशन किंवा त्याचे फायदे मागणार नाही. कोर्ट म्हणालं असला करार सार्वजनिक धोरणाच्या विरोधात आहे, करार कायद्याच्या कलम २३ खाली तो चालणार नाही. म्हणजे 'तू सही केली होतीस' एवढं सांगून ऑफिसला हात झटकता येत नाहीत.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बऱ्याच जणांचा अपेक्षाभंग होतो. पगारातला फरक मिळाला म्हणजे पद मिळालं असं नाही. १९९० साली महाराष्ट्रातल्याच इंजिनिअर अधिकाऱ्यांच्या केसमध्ये घटनापीठाने सांगितलं की नियमानुसार नेमणूक नसेल, नुसती तात्पुरती सोय असेल, तर तो काळ सिनिऑरिटीत धरला जाणार नाही. म्हणून वर्षानुवर्षं चार्ज सांभाळायचा आणि शेवटी बाहेरून कुणीतरी त्या खुर्चीत येऊन बसतो. हे मला सगळ्यात जास्त अन्यायाचं वाटतं, आणि यावर उपाय एकच, जागा वेळेत भरा.

प्रायव्हेटमध्ये हे निकाल तसेच्या तसे लागू होत नाहीत, तिथे ऑफर लेटर, कंपनीची पॉलिसी आणि युनियन असेल तर तिचा करार, यावरच बरंचसं ठरतं. तोंडी 'तू बघ' वर तर अजिबात राहू नका. लेखी ऑर्डर मागा, त्यात सुरू होण्याची तारीख, मुदत आणि पगारातला फरक लिहून घ्या. देत नसतील तर त्याच दिवशी साधा ईमेल टाका, आज तुमच्या सांगण्यावरून अमुक पदाचं काम सुरू केलं, पगाराबाबत कळवावं. आणि तुम्ही सह्या केलेल्या कागदांची, आलेल्या सूचनांची तारीखवार यादी ठेवा, पुढे फरक मागायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो की काम खरंच तुम्ही केलं का.