रक्ती हगवण: औषधाच्या बाटलीआधी पाण्याचं भांडं बघा

कोंबडीच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं औषध देऊ?" माझा उलट प्रश्न असतो: पाण्याच्या भांड्याभोवती अंथरलेला तूस मुठीत आवळून पाहिलात का? मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर आजार तिथेच तयार होतोय, आणि तो तूस तसाच ठेवून दिलेलं औषध निम्मं वाया जाणार.

कॉक्सिडिओसिस, म्हणजे हीच रक्ती हगवण, करणारा आयमेरिया हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा लगेच बाधा करू शकत नाही. त्याच्या अंड्यांना, म्हणजे ऊसिस्टना, पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. 25 ते 30 अंशांत, ओल्या तुसात, एक-दोन दिवस पुरतात. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, आपण नेमकं हेच हवामान सांभाळत असतो. त्यातून तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू. प्रतिकारशक्ती अजून आलेली नसते आणि चोच सतत जमिनीवर.

रक्ताची वाट बघू नका. त्याआधी पिल्लं पंख ढिले सोडून, मान आत ओढून, दिव्याखाली घोळका करतात, खाणं कमी होतं. शिवाय आतड्याच्या वरच्या भागाला धरणाऱ्या आयमेरियाच्या जातींत रक्त दिसतच नाही, फक्त पातळ, चिकट विष्ठा आणि खुंटलेली वाढ. ताजं रक्त बहुधा आयमेरिया टेनेलाचं, तो सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या दोन आंधळ्या पिशव्यांत, बसतो. मेलेलं पिल्लू उघडलं तर त्या पिशव्या फुगून काळपट लाल झालेल्या दिसतात. (अधूनमधून येणारी तपकिरी, डांबरासारखी, घाण वासाची विष्ठा मात्र निरोगी कोंबडीचीही असते. तिला घाबरू नका.) शंका असेल तर पशुवैद्यकाकडे ताजी विष्ठा नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या.

टेनेलात बाधा झाल्यापासून साधारण पाचव्या दिवशी रक्त दिसतं आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून ऊसिस्ट बाहेर पडू लागतात, एकेका पिल्लातून लाखोंनी. म्हणजे रक्त दिसलं त्या दिवशी पुढचा मोठा सडा अजून पडायचा असतो. म्हणून आजारी दोन पिल्लं वेगळी काढून भागत नाही, औषध सगळ्या खुराड्याला.

अँप्रोलियम या औषधाची 20 टक्के पावडर असेल तर 10 लिटर पाण्याला 12 ग्रॅम, म्हणजे 0.024 टक्के, असं तीन ते पाच दिवस. नंतर 10 लिटरला 3 ग्रॅम, एक ते दोन आठवडे. चमच्याने मोजू नका, छोट्या काट्यावर तोला. पाकिटावरची टक्केवारी वेगळी असेल तर हिशोब बदलतो. पाणी रोज नवं करा, आणि पिल्लांना पिण्यासाठी दुसरं काहीही ठेवू नका. बाहेरचं डबकं, गळणारा नळ, ओला चारा, सगळं बंद. पिल्लू डबक्यातलं पाणी प्यालं की तुमची मात्रा गेलीच.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: त्याच पाण्यात 'ताकद यावी' म्हणून व्हिटॅमिन बी कॉम्प्लेक्स. अँप्रोलियम परजीवीला थायमिन, म्हणजे बी1, मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. आपण वरून बी1 ओतलं की औषधाचा जोर आपणच कमी केला. व्हिटॅमिन कोर्स संपल्यावर द्या.

रक्त भरपूर आणि मर सुरू असेल तर मी टोल्ट्राझुरिल या दुसऱ्या औषधाला पसंती देईन, पशुवैद्यकाला विचारूनच. अँप्रोलियमचा मुख्य मारा परजीवीच्या सुरुवातीच्या अवस्थांवर. टोल्ट्राझुरिल पेशीतल्या सगळ्या अवस्थांवर चालतं. 2.5 टक्के द्रावण, लिटरला 1 मिली, सलग 48 तास. त्यात व्हिनेगर घालू नका, आम्ल पाण्यात औषध साका होऊन खाली बसतं. अंडी खाण्यासाठी असतील त्या कोंबड्यांना हे चालत नाही. जे पिल्लू पाण्यापर्यंत जात नाही त्याला ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब-थेंब द्या, घशात ओतू नका, फुप्फुसात जातं. नुसतं टेट्रासायक्लिनसारखं प्रतिजैविक देऊन बसणं म्हणजे दिवस घालवणं, हा जिवाणू नव्हे.

आता तूस. भांड्याभोवतीचा ओला थर रोज खरवडून काढा, कोरडा टाका, बाकीचा खालीवर करा. भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, जाळीच्या चौकटीवर ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी जाळीखाली राहतं. फिनाईल आणि ब्लीचिंगवर भरवसा ठेवू नका, ऊसिस्टचं कवच त्यांना दाद देत नाही. उकळतं पाणी, कडक ऊन आणि कोरडेपणा चालतात. पिल्लं आत असताना पाईप लावून धुणं तर नकोच, पुन्हा ओल.

वाचलेल्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, आयमेरियाच्या त्या जातीपुरती प्रतिकारशक्ती येते, दुसऱ्या आयमेरियापुरती नाही. त्या दिसायला धडधाकट असल्या तरी ऊसिस्ट सोडत राहू शकतात, त्यामुळे नवी पिल्लं त्याच तुसावर त्यांच्यात सोडू नका. नव्या बॅचला अँटिकॉक्सिडियल, म्हणजे कॉक्सिडिओसिस रोखणारं औषध, मिसळलेलं खाद्य द्यायचं असेल तर आधी विचारा, लस दिली आहे का. लस म्हणजे जिवंत ऊसिस्टच, औषधी खाद्याने ती फुकट जाते.