शत्रू कसा रंगवायचा, हे कोण ठरवते?

विज्ञानपटांतील युद्धाची चर्चा बहुधा शेवटच्या लढाईभोवती फिरते. माझ्या मते चित्रपटाची नैतिक बाजू त्याच्या कितीतरी आधी, पटकथाकार शत्रू रंगवतो तेव्हाच ठरलेली असते.

‘इंडिपेन्डन्स डे’ (१९९६) घ्या. परग्रहवासीयांच्या स्वागताचे फलक घेऊन गगनचुंबी इमारतीच्या गच्चीवर जमलेली माणसे पहिल्याच हल्ल्यात भस्मसात होतात. पुढे राष्ट्राध्यक्ष पकडलेल्या परग्रहवासीयाला समेटाविषयी विचारतात, तेव्हा तो समेट साफ नाकारतो आणि माणसांनी मरावे एवढीच आपली इच्छा असल्याचे सांगतो. एवढे झाल्यावर परग्रहवासीयांवर अण्वस्त्र डागायला विरोध करणारा कोणीही भाबडाच ठरणार. परंतु समेटाचे दार येथे परग्रहवासीयाने नव्हे, लेखकाने लावलेले आहे, आणि प्रेक्षक म्हणून आपण ते मुकाट्याने मान्य करतो, ही बाब मला गंभीर वाटते. कारण खऱ्या युद्धांच्या आधीही समोरच्याशी बोलण्यात अर्थ नाही, हेच लोकांच्या मनावर बिंबवले जाते.

शांततेचा पुरस्कार करणारे चित्रपटही सरसकट अहिंसावादी नसतात. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ (१९५१) मधील परग्रहावरून आलेला क्लाटू शांततेचा दूत म्हणून गौरवला जातो, पण आक्रमण करणाऱ्याला नष्ट करण्याचा अधिकार यंत्रमानवांना कायमचा देऊन टाकणे, ही त्याच्या लोकांची व्यवस्था आहे. धाकाने टिकवलेल्या त्या शांततेला अहिंसा म्हणायला मी तयार नाही.

याउलट अणुचाचण्यांमुळे जागा झालेला महाकाय प्राणी शहरावर चालून येतो, असे दाखवणारा १९५४ चा जपानी ‘गोजिरा’ (गॉडझिला) मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्याच वर्षी बिकिनी बेटांवरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीतून उडालेली किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती, आणि चित्रपटाच्या आरंभीच समुद्रातील एक नौका प्रखर प्रकाशात नाहीशी होते. त्यातील शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा यांच्या हाती गोजिराला मारू शकणारे शस्त्र आहे. पण ते जगापुढे आले की राज्यकर्ते ते माणसांवरच वापरतील, या भीतीने ते नकार देत राहतात. दूरचित्रवाणीवर उद्ध्वस्त शहराची दृश्ये पाहिल्यावर आणि मुलींनी गायलेली शांततेची प्रार्थना ऐकल्यावर त्यांचा निर्धार ढळतो, तरीही आधी ते आपली सगळी टिपणे जाळतात आणि मग समुद्राच्या तळाशी शस्त्र वापरून स्वतःही तेथेच राहतात, जेणेकरून ते ज्ञान कोणालाही त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

कट्टर अहिंसावादी म्हणेल की शस्त्र तर वापरलेच, आणि तो आक्षेप रास्त आहे. तरीही संहाराचे साधन निर्माण करणाऱ्याची जबाबदारी विजयाने संपत नाही, हे हा चित्रपट स्पष्टपणे मांडतो. त्यात विजयाचा उन्माद नाही. उलट अणुचाचण्या थांबल्या नाहीत तर असाच दुसरा प्राणी उद्भवेल, असे चित्रपटातील दुसरे शास्त्रज्ञ डॉ. यामाने शेवटी बोलून दाखवतात.