आवाजांचा मानपान

रविवारची दुपार. जेवणं उरकलेली, पडदे ओढलेले, पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खुपसलेला. सिनेमा सुरू होतो आणि नायक तमिळमध्ये भांडायला लागतो. "अहो, हे काय लावलंत?" फाईलच्या नावात तर तमिळ, तेलुगू, इंग्रजी, हिंदी अशी सगळी वरात आहे. हिंदी आत आहेच, फक्त पंगतीत तिचं पान चौथं मांडलंय.

नावाच्या शेवटी .mkv असलेल्या या एमकेव्ही फाईलींचं पाळण्यातलं नाव मात्रोस्का. बाहुलीच्या पोटात बाहुली असते ना, त्या रशियन मात्र्योश्कावरून २००२ साली ठेवलेलं. पोटातल्या प्रत्येक आवाजाला 'डिफॉल्ट' नावाची एक खूण असते. नियम असा की खूण लिहायचीच राहून गेली, तर ती 'हो' समजायची! म्हणजे बनवणारा आळशी असला की चारही आवाज मानकरी. लग्नात चार आत्या एकदम पुढे सरसावल्यावर गुरुजी जे करतात तेच प्लेअर करतो: समोर पहिली दिसेल तिच्या हातात ताम्हण.

फाईल आधी संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा आणि 'बी' दाबत जा. आवाज एकामागून एक बदलतात. कोणता कितवा ते कागदावर लिहा, कारण भाषेच्या जागी 'यूएनडी' असेल तर भाषा कोणी लिहिलेलीच नाही. मध्येच "ती दार उघडते, बाहेर पाऊस" असं कोणी सांगू लागलं तर घाबरू नका. ते दृष्टिहीन प्रेक्षकांसाठीचं वर्णन आहे, थिएटरात मागे बसणारे काका नव्हेत.

आता दुरुस्ती. एमकेव्हीटूलनिक्स नावाचं, या फाईलींची डागडुजी करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातल्या हेडर एडिटरमध्ये तमिळची डिफॉल्ट खूण 'नाही' करा, तेलुगू-इंग्रजीचीही करा, हिंदीची 'हो' ठेवा, सेव्ह करा. दोन सेकंदांचं काम, कारण फाईल नव्याने लिहिली जात नाही, नुसती पाटी बदलते.

पण काही टीव्ही खुणेला धूप घालत नाहीत, पहिल्या पानावरच बसतात. मग त्याच टूलनिक्सच्या मल्टिप्लेक्सरमध्ये हिंदीला माउसने ओढून बाकीच्या आवाजांच्या वर न्यायचं, नको त्यांची टिकमार्क काढायची आणि नवी फाईल बनवायची. आवाजाचा दर्जा तसूभर घटत नाही. मात्र ८ जीबीच्या फाईलला जवळपास तेवढीच जागा डिस्कवर मोकळी लागते, आणि ती नसल्याचं आपल्याला काम अर्ध्यावर आल्यावर कळतं.

कमांड लिहिणाऱ्यांसाठी वेगळा नरक राखून ठेवलाय. ओळीत चौथा असलेला हा हिंदी आवाज टूलनिक्समधल्याच एमकेव्हीप्रॉपएडिट या कमांडला 'ए ४', कारण तिथे मोजणी १ पासून. एफएफएमपेग या दुसऱ्या साधनाला तोच 'ए ३', कारण तिथे ० पासून. वर एफएफएमपेगला 'मॅप' लिहून कोणते आवाज घ्यायचे ते सांगितलं नाही, तर तो सर्वांत जास्त चॅनलवाला एकच आवाज ठेवतो आणि बाकीचे गुपचूप टाकून देतो. तमिळ ५.१ (सहा चॅनल) आणि हिंदी स्टिरिओ (दोन) असेल तर काय उरेल, ते तुम्हीच ओळखा. म्हणून मूळ फाईल आधी पुसायची नाही. हे मी तीनदा सांगेन.

क्रम लागला, तरी टीव्ही मुका? आवाज डीटीएस नावाच्या प्रकारात असणार. बऱ्याच टीव्हींना ते कळत नाही, चित्र मात्र झकास दिसतं. तेवढा एक आवाज एफएफएमपेगने एसी३ या दुसऱ्या प्रकारात बदलायचा, ६४० केबीपीएस पुरे, आणि चित्र 'कॉपी', म्हणजे जसंच्या तसं, ठेवायचं. चित्रही बदलायला घेतलंत, तर संध्याकाळचा चहा होईल आणि रात्रीचं जेवणही.

दुसऱ्या फाईलीतला आवाज आणून जोडलात की ओठ आणि शब्द यांची फारकत होते. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर मिलिसेकंदांत डिले द्या, झालं. पण सुरुवातीला जुळतंय आणि पुढे पुढे आवाजच चित्राच्या आधी पळतोय, तर तो सेकंदाला २५ फ्रेमच्या आवृत्तीतला आणि चित्र २३.९७६ चं. दोन तासांच्या सिनेमात ही घसरण पाच मिनिटांच्या घरात जाते, म्हणजे खलनायकाची किंकाळी ऐकू येते आधी आणि पडद्यावर गोळी सुटते नंतर. इथे डिले कामाचा नाही, एफएफएमपेगच्या 'एटेम्पो'ने आवाजाचा वेग ०.९५९०४ पट करावा लागतो.

एवढं सगळं करून पुन्हा टीव्हीपुढे बसावं. नायक हिंदीत भांडतोय, ओठ जुळताहेत, आणि पडद्याच्या तळाशी ठसठशीत तेलुगू अक्षरं. सबटायटलांनाही डिफॉल्टची खूण असते, आणि ती काढायची राहिलीय.