रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद करू नका: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. त्याचा सारांश असा: रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदीर मारायचं औषध. लसूण, आलं, दालचिनीचा काढा एकवीस दिवस घ्या, गोळी कायमची सुटेल. पालेभाजी बंद करा. आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा; जास्त आकडा म्हणजे उशिरा गोठणं) ही निव्वळ लॅबची कमाई. दात काढायच्या आधी आठवडाभर गोळी थांबवा. आणि सत्तरीपुढच्यांनी ती घेऊच नये, पडले तर रक्त थांबायचं नाही.

माझ्या आईने हा मेसेज खरा मानला आणि एसिट्रॉम, म्हणजे तिची रक्त पातळ करायची गोळी, बंद केली. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

‘हे उंदराचं औषध आहे.’ आईच्या एसिट्रॉमची सख्खी बहीण म्हणजे वॉरफरिन. वॉरफरिन उंदरांसाठी वापरलं गेलं, ही गोष्ट खरी आहे. पण ती पूर्ण सांगायला हवी. अमेरिकेत आणि कॅनडात 1920 च्या दशकात बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं अंतर्गत रक्तस्रावाने मरत होती. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचं न गोठलेलं रक्त घेऊन रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथून सुरू झालेल्या संशोधनात आधी डायकूमरॉल हे रक्त गोठू न देणारं रसायन आणि पुढे वॉरफरिन सापडलं. 1948 मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. 1955 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच दिलं होतं.

यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं. ही गोळी ते काम मंद करते. ताकात पाणी घातल्यासारखं रक्त पातळ होत नाही, गोठायला जास्त वेळ लागतो एवढंच. उंदीर रोज खात सुटतो आणि त्याचं रक्त कोणी तपासत नाही. आईची गोळी मिलिग्रॅममध्ये ठरते, रक्त तपासून बदलते आणि गरज पडली तर तिच्यावर व्हिटॅमिन केचा उताराही आहे.

‘काढ्याने गोळी सुटेल.’ हा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. आईला लहानपणी सांधेताप आला आणि त्यात हृदयाची झडप खराब झाली. पुढे धातूची झडप बसवली. रात्री घर शांत झालं की तिच्याजवळ झोपणाऱ्याला ती ऐकू येते, मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखी टिकटिक. काढा सुरू करून गोळी सोडल्यावर अकराव्या रात्री ती म्हणाली, "अगं, माझं घड्याळ बुजल्यासारखं वाटतंय." सकाळी जिना चढताना तिला धाप लागली. आयएनआर आला 1.2. तिला तो 2.5 ते 3.5 हवा असतो. झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एक अर्धवटच उघडत होती, कारण तिच्यावर गुठळी धरली होती. गुठळी विरघळवणारं औषध सलाइनमधून द्यावं लागलं. त्या औषधानेही रक्तस्रावाचा धोका असतोच, त्यामुळे ते दोन दिवस आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. आई वाचली.

शरीर धातूला परकं मानतं आणि त्यावर रक्त गोठायला बघतं. लसणाने ते थांबत नाही. दालचिनीत कूमरिन (या गोळ्यांच्या कुळातलं रसायन) असतं, हे त्या मेसेजमधलं शास्त्रीय वाटणारं वाक्य आहे. पण साधं कूमरिन रक्त गोठणं रोखत नाही. त्या चाऱ्यातही बुरशीने त्याचं डायकूमरॉल केलं, तेव्हाच गुरं मेली. फोडणीतला लसूण आणि चहातलं आलं खुशाल घ्या. मात्र लसणाच्या, हळदीच्या कॅप्सूल गोळीच्या जोडीला घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो.

ज्यांना झडप बसवलेली नाही पण ठोके अनियमित आहेत (डॉक्टर ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात), त्यांनीही हे वाचावं. या ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो आणि वॉरफरिन त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश कमी करतं.

याच मेसेजखाली कोणीतरी हमखास लिहितं, "नवीन गोळ्या घ्या, तपासणी लागत नाही." अनेकांसाठी त्या चांगल्या आहेत. धातूच्या झडपेसाठी नाहीत. 2012 मध्ये डाबिगॅट्रान या त्यातल्याच एका गोळीची अशा रुग्णांवरची चाचणी थांबवावी लागली, कारण गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही.

‘पालेभाजी बंद.’ गरज नाही. पालक, मेथी, अळू यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, पण अडचण होते ती अचानक बदल केल्याने. श्रावणात रोज भाजी आणि एरवी महिनाभर काहीच नाही, असं केलं की आकडा हलतो. आठवड्यात जेवढी खाता तेवढीच खात राहा. डोस त्यानुसार बसवला जातो.

‘आयएनआर म्हणजे लॅबची कमाई.’ आकडा न पाहता ही गोळी घेणं हाच खरा धोका आहे. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर संध्याकाळी सातला गोळी घेतली की पेनाने खूण होते आणि तपासणीच्या तारखेला आकडा लिहिला जातो. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. त्या कॅलेंडरवर एकदा 5.8 लिहिलेलं आहे. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल आणलं होतं आणि गोळी चालू असल्याचं सांगायचं राहून गेलं. फंगसची काही औषधं आणि सेप्ट्रानसारख्या अँटिबायोटिक गोळ्याही आकडा वर नेतात. टीबीची रिफॅम्पिसिन खाली आणते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली कॉम्बिफ्लॅम किंवा डायक्लोफिनॅक पोटात रक्तस्राव करू शकते. कमरेत इंजेक्शन घेतानाही आधी सांगा, स्नायूत रक्त साठतं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

‘दातासाठी आठवडाभर बंद.’ एखादा दात काढायला बहुतेकांना गोळी थांबवावी लागत नाही. एक-दोन दिवस आधीचा आयएनआर मर्यादेत असेल तर डेंटिस्ट टाके घालून, दाबून रक्त थांबवतात. मोठ्या ऑपरेशनचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते हृदयाचे डॉक्टर लिहून देतात.

‘म्हातारी माणसं पडतात.’ पडतात, हे खरं आहे. पण वय वाढतं तसा पक्षाघाताचा धोकाही वाढतो, त्यामुळे नुसतं पडण्याच्या भीतीने गोळी नाकारणं बहुतेकांना महागात पडतं. बाथरूममध्ये दांडा लावा, रात्री दिवा ठेवा, पायात घसरणाऱ्या चपला नकोत. डोकं आपटलं तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्त आत साठत असू शकतं. शौच डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली, नाकातलं रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तरी लगेच जा. आईच्या पर्समध्ये एक कार्ड आहे. त्यावर झडपेचं नाव, गोळीचा डोस, शेवटचा आयएनआर आणि माझा नंबर आहे. रिक्षात बसण्याआधी ती ते चाचपून बघते.