सोवळ्यातली गाडी

आमच्या घरात कडक सोवळं पाळणारी शेवटची व्यक्ती म्हणजे माझी आजी. तिच्यानंतर थेट आमची नवी गाडी. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर ती सोवळ्यात. आपण फक्त हप्ते भरायचे आणि लांबून नमस्कार करायचा. स्क्रूड्रायव्हर घेऊन जवळ गेलात, की वॉरंटी विटाळली.

दहा हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग फुकट होती. फुकट म्हणजे मजुरी फुकट. ऑइल-फिल्टरचे पैसे आपले. एस्टिमेटमध्ये 'एसी फिल्टर' या शब्दांसमोरचा आकडा वाचला आणि माझ्यातला कोकणस्थ जागा झाला. हा फिल्टर म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत घड्या घातलेला कागद. तो मीच बसवणार!

"आणि वॉरंटी गेली तर?" बायको म्हणाली.

मी अभ्यास करून बसलो होतो. वॉरंटीचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. त्यात ब्रेक पॅड नाही, क्लच प्लेट नाही, वायपरचं रबर नाही. टायर आणि बॅटरी ज्यांनी बनवली त्यांना विचारा. थोडक्यात, जे झिजतं ते सोडून बाकी सगळ्याची हमी. शिवाय २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही बजावलं होतं. (पुढे अपिलं-बिपिलं झाली, ते मी घरात बोललो नाही.)

"मग आयोगालाच बोलव ना फिल्टर बसवायला," ती म्हणाली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कार्यारंभ केला. दुसऱ्या मजल्यावरचे काका पेपर सोडून खाली आले. त्यांनी म्हणे जुन्या पद्मिनी गाडीचा कार्बोरेटर पाटावर मांडून साफ केला होता. तेव्हा वॉरंटी वगैरे थेरं नव्हती, गाडी सुरू झाली हीच हमी.

आधी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला. पीयूसी, विम्याचे कागद, टोलच्या पावत्या, अर्धी खोबऱ्याची वडी आणि गाडीच्या पूजेतली सुपारी. ही सुपारी म्हणजे गणपती. बायकोने स्वतः तिथे ठेवलेली. "ती हरवू नकोस," असं वरून दोनदा ओरडून झालं. मी ती नीट, डोळ्यांसमोर ठेवली.

मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबायच्या, की तो खाली लोंबतो. पुस्तकात हे चित्रासकट दिलंय, म्हणजे कंपनीचीच परवानगी. तरी 'कट्' असा आवाज झाला आणि एक लाख किलोमीटर माझ्या डोळ्यांसमोरून गेले. काही तुटलं नव्हतं. पुरावा असावा म्हणून मी पायरीपायरीला फोटो काढत होतो; फिल्टरचं बिल तर दोन प्रतींत.

जुना फिल्टर बाहेर आला तेव्हा काकाही गप्प झाले. कडुनिंबाची पानं, कबुतराचं पीस आणि मेट्रोच्या खोदकामात उडालेला अर्धा कर्वे रोड. वर्षभर आम्ही हे हुंगत होतो! नव्या फिल्टरवरचा बाण कुठल्या दिशेला करायचा, यावर वॉचमनसकट तिघांत मतदान झालं. मग मी जुन्याचा फोटो पाहून बसवला. पंधरा मिनिटांचं काम दीड तासात आटोपलं.

सोमवारी एसी लावला आणि आतून आवाज आला. टकटकटकटक. वेग वाढवला की टाळ-मृदंग.

सर्व्हिस सेंटरपर्यंत मी आयोगाचा आदेश पाठ म्हणत गेलो. तिथल्या पोराने आवाज ऐकला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, बाहेर कुठे काम केलंय का?" आजी अगदी याच आवाजात विचारायची, "बाहेर काही खाल्लंस का?" आणि तेव्हाप्रमाणेच, पाठ केलेलं सगळं विसरून मी म्हणालो, "नाही."

वीस मिनिटांनी मेकॅनिक आला. त्याच्या तेलकट तळहातावर, पिवळ्या फडक्यात, सुपारी.

मग मला आठवलं. हरवू नये म्हणून मी ती फिल्टरच्या खाचेच्या तोंडावरच ठेवली होती, आणि तिच्या खालीच ब्लोअरचा पंखा.

"हे वॉरंटीत बसत नाही, सर," पोरगा म्हणाला आणि जॉब कार्डवर बिघाडाचं कारण लिहिलं: बाहेरची वस्तू.

गणपतीला बाहेरची वस्तू! आजी असती तर तिने आख्ख्या सर्व्हिस सेंटरवर गोमूत्र शिंपडलं असतं. मी मुकाट्याने मजुरी भरली.