बायकोचं लायसन्स ‘नंतर बघू’वर टाकू नका

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. "शनिवारच्या कार्यक्रमाला वेस्टमीडकडून कोणी जाणार आहे का? ह्यांना शिफ्ट आहे, लिफ्ट मिळाली तर बरं होईल." सिडनीत आल्यापासून असे मेसेज मी वाचतेय आणि पाठवणारी जवळजवळ दर वेळी बाईच असते. गणपतीला, हळदीकुंकवाला, मुलाच्या वाढदिवसाला, नाहीतर डॉक्टरकडे जायला. आल्यानंतरचं पहिलं वर्षभर मीही हेच मेसेज पाठवत होते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये इथे आलो. नवऱ्याच्या नोकरीचा तात्पुरता व्हिसा, सोबत मी आणि चार वर्षांचा मुलगा. वेंटवर्थविलला घर मिळालं. नवऱ्याने दुसऱ्याच महिन्यात आपलं भारतातलं लायसन्स इथलं करून घेतलं, कारण ऑफिसला जायला ते लागणारच होतं. गाडी एक घेतली, ती त्याच्याकडे. माझ्या लायसन्सचा विषय निघाला की तो म्हणायचा, "अगं, तुला जिथे जायचंय तिथे मी सोडतो ना." मनापासूनच म्हणायचा, आणि सोडायचाही. फोनवर आई म्हणायची, "जावई आहेत की सोडायला, तुला कशाला हवीय ती कटकट!" तिचंही वाईट वाटत नव्हतं मला. पण सोडायला माणूस आहे म्हणजे तो मोकळा होईपर्यंत आपण थांबायचं, हे जानेवारीतल्या एका दुपारी नीट कळलं. बाहेर चाळिशी गाठलेलं ऊन, मुलाच्या अंगात ताप, नवरा मीटिंगमध्ये, आणि मी त्याला स्ट्रोलरमध्ये घालून वर ओला पंचा टाकून दवाखान्यापर्यंत पंचवीस मिनिटं चालतेय. रस्त्यावर चालणारं दुसरं माणूस नव्हतं. इथल्या उपनगरांत बंगल्यांच्या रांगा संपता संपत नाहीत आणि कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नसतं. पुण्यात माझी ॲक्टिव्हा होती, रिक्षा होती, खाली मेडिकल होतं. तिथे कुणावर अवलंबून आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्यानंतर नोकरीचं झालं. मी मायक्रोबायोलॉजीवाली. वेदरिल पार्कच्या औद्योगिक भागात एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीची जागा होती. मुलाखत छान झाली. शेवटी त्यांनी विचारलं, शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते, तुम्ही कशा याल? वेदरिल पार्कला रेल्वे नाही. मी रात्री बसचं वेळापत्रक काढून बसले, दोन बस बदलूनही सहाच्या आत पोचता येत नव्हतं. ती नोकरी मला मिळाली नाही. इथे जाहिरातींमध्ये ‘स्वतःचं लायसन्स आणि गाडी हवी’ ही ओळ किती ठिकाणी असते ते नव्याने आलेल्या मैत्रिणींनी एकदा बघावं. वृद्धांची घरी जाऊन सेवा करण्याच्या कामांमध्ये तर ती हटकून असते, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका सुरुवात त्याच कामापासून करतात.

आता नियमांचं सांगते, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. मी लिहितेय ते न्यू साउथ वेल्सचं, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे त्याचं. मेलबर्नच्या नणंदेने सांगितलं म्हणून इथे तसंच असेल असं धरून चालू नका. इथे कायमच्या रहिवाशाला भारतातल्या लायसन्सवर तीन महिनेच गाडी चालवता येते. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना पूर्वी अशी मुदत नव्हती, पण १ जुलै २०२३ पासून त्यांनाही सहा महिन्यांत इथलं लायसन्स काढावं लागतं. काही देशांच्या लोकांना परीक्षेशिवाय ते बदलून मिळतं. भारत त्या देशांत नाही. आपल्याला आधी नियमांची परीक्षा आणि मग रस्त्यावरची टेस्ट द्यावी लागते.

नियमांच्या परीक्षेत ४५ प्रश्न असतात. त्यातले १५ सर्वसाधारण, त्यात १२ बरोबर आले पाहिजेत. उरलेले ३० रस्ता सुरक्षेचे, आणि त्यात २९ बरोबर हवेत. एकच चूक माफ. मुलगा झोपला की रोज तासभर मी इथल्या वाहतूक खात्याचं रोड युजर हँडबुक वाचायचे. पहिल्याच वेळी पास झाले आणि मला वाटलं, जिंकलं आता.

माझं भारतातलं लायसन्स २००९ चं. कॉलेजात असताना गावाकडच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमधून काढलेलं. पंधरा दिवस शिकवलं म्हणायचे, पण क्लच-ब्रेक सगळं शेजारी बसलेल्या माणसाच्या पायात होतं. टेस्टच्या दिवशी मैदानात गाडी थोडी पुढे, थोडी मागे, आणि सही. लग्नानंतर पुण्यात गाडी नवरा चालवायचा, मी दुचाकी. थोडक्यात माझ्याकडे लायसन्स होतं, हात बसलेला नव्हता. आपल्याकडे किती बायकांची लायसन्स अशीच कपाटात पडून आहेत!

इथे आधी एका ड्रायव्हिंग स्कूलने दहा तासांचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन दिलं. त्यातले तीन क्लास ऐनवेळी रद्द केले. आला तो माणूस फोनवर बोलत बसायचा. नवीन माणसाला दर माहीत नसतात, कुणाला विचारावं कळत नाही, तिथे असं फसायला होतं. एका वेळी एकाच तासाचे पैसे द्या, शिकवणं पटलं तर पुढचा तास घ्या, एवढं तरी माझ्याकडून शिका.

टेस्टच्या दिवशी पाऊण तास चांगली चालवली. निदान मला तसं वाटत होतं. वेगमर्यादा पाळली, पार्किंग जमलं, चढावरून गाडी उचलली. परत येताना एका शांत गल्लीच्या तोंडाशी स्टॉपची पाटी होती. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कोणी नव्हतं. मी वेग अगदी कमी केला, चालत्या माणसाइतका, आणि वळले. शेजारच्या टेस्टिंग ऑफिसर बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. परत आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, चाकं थांबली नव्हती. बाकीचे गुण कितीही चांगले असोत, स्टॉपला पूर्ण थांबला नाहीत की नापास.

नापास होण्यापेक्षा पुढचं जास्त लागलं. या राज्यात परदेशी लायसन्सवाला रस्त्यावरच्या टेस्टमध्ये नापास झाला की जुन्या लायसन्सवर गाडी चालवायची त्याची मुभा तिथेच संपते. पुन्हा चालवायची तर लर्नर लायसन्स काढायचं. चौदा वर्षांपूर्वी लायसन्स काढलेली मी, हातात पिवळ्या एलच्या दोन पाट्या घेऊन बाहेर आले आणि नवऱ्याच्या शेजारी बसून घरी गेले. गाडीत दोघंही बोललो नाही. रात्री मुलाने विचारलं, "आई, तू हरलीस का?" खूप रडले.

म्हणून सांगते, पूर्ण तयारी झाल्याशिवाय टेस्टची तारीख घेऊ नका. "पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा वर्षं चालवलीय, इथले रिकामे रस्ते काय घेऊन बसलात" असं म्हणणारे ओळखीतले चार जण पहिल्या टेस्टला नापास झालेत. हात त्यांचा माझ्यापेक्षा दहापट चांगला. पण गाडी हाकता येते का, एवढंच इथे बघत नाहीत. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला तुम्ही बघितलंत का, आणि बघितलंत हे दिसलं का, हे बघतात.

हे मला दुसऱ्या इन्स्ट्रक्टरने शिकवलं. साठीच्या आसपासच्या श्रीलंकेच्या बाई, स्वतःही चाळिशीनंतर इथे येऊन शिकलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला रिकाम्या रस्त्यावर नुसतं थांबायला शिकवलं. अर्धा तास फक्त थांबणं. म्हणाल्या, ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं. गाडी खरोखर थांबली की ते पुन्हा जागेवर येतं आणि तुझ्या पाठीला सीटचा हलकासा धक्का बसतो. तो धक्का बसेपर्यंत तू थांबलेली नाहीस. तो जाणवला की मनात एक, दोन, तीन मोज आणि मगच इकडेतिकडे बघ. आजही प्रत्येक स्टॉपला मी पाठीला तो धक्का लागायची वाट बघते. मानेचंही तसंच. आरशात बघणं पुरत नाही. लेन बदलायच्या आधी आणि कडेची गाडी रस्त्यावर घ्यायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचं, डोळे फिरवून नव्हे, हनुवटी खांद्याकडे नेऊन. कडेवरून निघताना इंडिकेटर किमान पाच सेकंद चालू हवा. पाच सेकंद किती मोठे असतात ते एकदा मोजून बघा.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं आपल्या लोकांत बोललं जातं. परदेशातून आलेल्यांना मुद्दाम नापास करतात, असंही. मला ते पटत नाही. इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी स्ट्रोलर घेऊन झेब्रा क्रॉसिंगजवळ उभी होते, सवयीने गाड्या संपायची वाट बघत. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या आणि मी पलीकडे जाईपर्यंत हलल्या नाहीत. पलीकडे पोचल्यावर मला भरून आलं होतं. हा सुसंस्कृतपणा आकाशातून पडलेला नाही. १९७८ साली या एका राज्यात रस्ते अपघातांत १३८४ माणसं गेली होती. सीटबेल्ट आधीच सक्तीचा झाला होता, १७ डिसेंबर १९८२ पासून कुठेही गाडी अडवून श्वासाची तपासणी सुरू झाली, मग कॅमेरे आले, शाळांजवळ ४० ची मर्यादा आली. लोकसंख्या एवढी वाढूनही आता तो आकडा साडेतीनशेच्या आसपास असतो. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यात आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचं कोणी ना कोणी असतं. माझा मामेभाऊ त्याच्या काही वर्षं आधी असाच गेला, आणि ज्याने धडक दिली त्याच्याकडेही लायसन्स होतं. मला त्या चुकीसाठी नापास केलं ते बरोबरच होतं, हे मी आज मनापासून म्हणते. इथल्या पंचवीस वर्षांखालच्या मुलांना तर टेस्टच्या आधी १२० तासांची नोंद करावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. आपल्याला जुन्या लायसन्समुळे ते माफ असतं, हीच केवढी सवलत आहे.

दुसऱ्या वेळी पास झाले. जुनं लायसन्स तीन वर्षांहून जास्त काळाचं होतं, त्यामुळे थेट पूर्ण लायसन्स मिळालं. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या मैत्रिणीकडे भारतातलं लायसन्सच नव्हतं तिला एल, मग लाल पी (प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण लायसन्सच्या आधीचं लायसन्स) किमान एक वर्ष, मग हिरवा पी किमान दोन वर्षं, असं सगळं चढत जावं लागतंय. म्हणून जे अजून निघायचे आहेत त्यांना हात जोडून सांगते, व्हिसाच्या कागदांसोबत बायकोचंही लायसन्स काढा, आणि नुसतं काढू नका, निघेपर्यंत रोज तिला चालवू द्या. बाजूला बसून ओरडू नका.

आणि नवरे मंडळींनो, आपलं लायसन्स झालं की विषय संपला असं करू नका. लर्नरच्या शेजारी पूर्ण ऑस्ट्रेलियन लायसन्स असलेलाच माणूस बसू शकतो. भारतातलं लायसन्स चालत नाही, पी वालाही चालत नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या एकीचं सहा महिने याच कारणाने अडलं होतं. नवऱ्याने स्वतःचं बदललं नव्हतं, मग तिच्या शेजारी बसणार कोण? माझ्या वेळी शिकवणीचे तासाला साठ-सत्तर डॉलर जायचे, ते महाग वाटतात, मान्य. पण एका पगारात घर चालवण्यापेक्षा ते महाग नाहीत. आज मी सेव्हन हिल्सला एका लॅबमध्ये आहे, पहाटे पाच वीसला घर सोडते. मुलाला ताप आला तर मी फोन करून कुणाला विचारत नाही.

आपल्या मंडळांनी नाटकं, ढोल-ताशा, दिवाळी पहाट सगळं करावं, मला ते हवंच आहे. पण महिन्यातला एक रविवार पूर्ण लायसन्स असलेल्या बायकांनी नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसायला दिला, तर किती जणींचं आयुष्य सुटेल! कुणी ठरवेपर्यंत मी माझ्यापुरतं सुरू करतेय. वेंटवर्थविल, पेंडल हिल, टूनगॅबी, वेस्टमीड या बाजूला राहणारी, एल हातात असलेली कुणी असेल तर मला इनबॉक्स करा. रविवारी सकाळी सात ते नऊ रस्ते मोकळे असतात. गाडी तुमची हवी, आणि तुमच्या विम्यात लर्नर चालतो का ते आधी विचारून घ्या. एलच्या पाट्या माझ्या डिकीत अजून आहेत. चुंबकाच्या आहेत, कुठल्याही पत्र्याला लागतात.