कास्क स्ट्रेंथमध्ये पाणी घालायचं नाही, हे कोणी ठरवलं?

सिंगल माल्टबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. धुरकट कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून निघाली तशीच, पाणी न घालता बाटलीत भरलेली व्हिस्की, कोरीच प्यायची, पाणी घातलं की धूर मरतो, हा धूर जाळलेल्या पिंपातून येतो, पीपीएमचा (धुराच्या वासाचे रेणू दहा लाख भागांत किती, त्याचा) आकडा मोठा तेवढी व्हिस्की धुरकट, आणि पाण्याने गढूळ झाली तर बाटली डुप्लिकेट, असं सगळं त्यात आहे. यातलं एकही बरोबर नाही आणि मला याचा खरंच राग येतो, कारण हे वाचून माणूस एवढी महागाची बाटली आणतो, पहिलाच घोट कोरा घेतो, घसा सोलून निघतो आणि मग "आपल्याला नाही बुवा झेपत" म्हणून बाटली कपाटात जाते ती जातेच.

"पाणी घातलं की ती व्हिस्कीच राहत नाही." अहो, भट्टीतून निघालेलं स्पिरिट साधारण ७० टक्के अल्कोहोलच्या आसपास असतं, बहुतेक ठिकाणी त्यात पाणी घालून ते ६३.५ टक्क्यांवर आणतात आणि मगच पिंपात भरतात. पुढे स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो आणि स्ट्रेंथही हळूहळू उतरते. नेहमीची बाटली भरताना परत पाणी घालून ती ४० ते ४६ टक्क्यांवर आणतात, कास्क स्ट्रेंथला ही शेवटची पायरी वगळतात. लाफ्रॉइग या स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीची १० वर्षांची कास्क स्ट्रेंथ बॅचप्रमाणे साधारण ५५ ते ६० टक्क्यांची असते ती यामुळेच. म्हणजे किती पाणी घालायचं ते कंपनीने न ठरवता तुमच्यावर सोडलंय, आणि पैसे त्याचेच तर मोजलेत तुम्ही.

"पाण्याने धूर मरतो." हे तर साफ उलटं. धुरकट वासात ग्वायाकॉल नावाच्या रेणूचा मोठा वाटा असतो. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जमतं, म्हणजे नाकाच्या जवळ, आणि ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोल त्याला वेढून आत ओढतं. हे मॉडेल आहे, चाखण्याची चाचणी नाही, पण ग्लासात जे जाणवतं त्याच्याशी जुळतं. शिवाय मिरचीने तोंडातला जो रिसेप्टर चेकाळतो तोच अल्कोहोलनेही चेकाळतो, त्या जाळात बाकीचं काय कळणार? व्हिस्की ब्लेंड करणारे अनुभवी लोक नमुने हुंगताना सरळ २० टक्क्यांच्या आसपास उतरवून हुंगतात, आता त्यांना काय चव कळत नाही?

करून बघा. तोंडाशी निमुळत्या ग्लासात ३० मिली ओता, तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच वास घ्या, एक अगदी छोटा घोट कोरा घ्या, कोरी कळलीच पाहिजे, त्याला माझी ना नाही. मग अर्धा चमचा साधं पाणी घाला, दोन मिनिटं थांबा, परत वास घ्या, आणि असंच थोडं थोडं पाणी वाढवत जा. ५८ टक्क्यांची असेल तर एकूण ९ मिली पाण्यात ती ४५ वर येते. आधी नुसतं आयोडिन, ओली राख आणि जाळ असतो, तिथे आता लिंबाची साल, व्हॅनिला, माल्टचा गोडवा उलगडत जातो आणि धूर जागेवरच असतो. बर्फ मात्र नको, थंडीने वास बसतो.

"मर्दाने लार्ज कोरीच मारायची." यावर वाद नको, हिशोब करू. नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलीत पावणेसव्वीस मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ५८ टक्क्यांच्या ६० मिलीत जवळपास ३५, म्हणजे एका पेगमध्ये तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वाढ.

"धूर जाळलेल्या पिंपाचा." बर्बन ही अमेरिकन व्हिस्की तर कायद्यानेच आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवतात, मग सगळी बर्बन लाफ्रॉइगसारखी का नाही लागत? धूर येतो मोड आणलेली बार्ली वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या झाडपाल्याची माती, जाळतात त्यातून. आयला बेटावर झाडं कमी आणि पीट भरपूर, म्हणून तिथे ही चाल पडली. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनवाले त्यांच्या ५५.५ टक्क्यांच्या पीटेड सिलेक्ट कास्कसाठी स्कॉटलंडचाच पीट वापरतात, व्हिस्की गोव्याच्या उकाड्यात मुरते आणि तरी धूर असतो.

पीपीएमचं थोडक्यात. हा आकडा सहसा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. लागावुलिन आणि कूल ईला या आयलाच्याच दोन व्हिस्क्या, दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातूनच येतो, पीपीएमही जवळपास सारखं, आणि चवीत केवढा फरक, कारण भट्टीचा आकार वेगळा आणि भट्टीतून येणारी धार कुठे तोडतात, म्हणजे तिचा कुठला भाग ठेवतात, तेही वेगळं. ऑक्टोमोर ८.३ या आयलाच्याच व्हिस्कीच्या माल्टचा आकडा ३०९ होता, म्हणून ती लाफ्रॉइगच्या सातपट धुरकट लागते असं अजिबात नाही.

राहिलं गढूळपण. पाणी घातल्यावर धुरळा दिसला तर ते फॅटी अ‍ॅसिडचे एस्टर असतात, ४६ टक्क्यांच्या खाली ते नीट विरघळून राहत नाहीत. थंड करून गाळणाऱ्या कंपन्या ते काढून टाकतात, बऱ्याच कास्क स्ट्रेंथवाल्या मुद्दाम ठेवतात कारण तोंडातला तेलकट भरीवपणा त्याच्यामुळेही असतो. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.